नवी गिटार आणि बाबांची काळी एक: प्रकल्प नोंदी

२२ मार्च २०२५, शनिवार

ठरलं. पुढच्या शनिवारी पुण्याला जायचं आणि गिटार घेऊनच परतायचं. आजवर वाजवल्या त्या सगळ्या दुसऱ्यांच्या: कॉलेजच्या बँडची, मामेभावाची, ऑफिसातल्या मैत्रिणीने ठेवायला दिलेली. ही पहिली माझी.

काम काय आहे ते आधीच लिहून ठेवते, म्हणजे दुकानात दहा चकचकीत वाद्यं समोर आली की मन भरकटणार नाही. बाबा रोज संध्याकाळी मिरजेच्या तानपुऱ्यावर अभंग म्हणतात. त्यांची पट्टी काळी एक, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीवर सा. मला त्यांच्या शेजारी बसून साथ करायची आहे. गिटारने तानपुऱ्याच्या आसात, त्या घुमत राहणाऱ्या नादात, मिसळायला हवं, त्याच्यावर चढून बसायचं नाही. सतरंजीवर मांडी घालून वाजवता यायला हवी, म्हणजे ड्रेडनॉट या मोठ्या अंगाच्या गिटारीपेक्षा लहान अंगाची बरी. वरची फळी एकसंध स्प्रूसच्या लाकडाची हवी. थर चिकटवलेल्या फळीचं मला नको, कारण आवाज मुख्यतः त्या फळीतून येतो आणि पैसे घालायचे तर तिथेच घालावेत.

यादीत सगळ्यात वर यामाहाची एफएस-८००. अंग लहान, स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, ६३४ मिलिमीटर, नटपाशी (गळ्याच्या वरच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) गळ्याची रुंदी ४३. माझ्या बोटांना ती पुरते.

२९ मार्च, शनिवार

आणली!

दुकानात एकाच मॉडेलच्या दोन गिटारी मागून घेतल्या. दुकानदाराने कुरकुर न करता दोन्ही काढून दिल्या आणि आतल्या शांत खोलीत बसवलं, त्याबद्दल त्याचे आभार मानावेत तेवढे थोडे. लाकूड सारखं, माप सारखं, तरी दोघींचे आवाज वेगळे. एकीच्या वरच्या तारा खणखणीत होत्या. दुसरीची सहावी, सगळ्यात जाड तार छेडली आणि ती बरगड्यांना आधी कळली, कानाला नंतर. पाठीची फळी छातीला टेकलेली होती, त्यामुळे खर्ज सरळ अंगात उतरला. तार विझेपर्यंत मी श्वास धरून बसले होते. तीच घेतली.

शेजारी शिसवी पाठीची एक महागडी होती. तीही मनसोक्त वाजवून पाहिली, न घेण्याचं ठरवून. शिसवाचा तो घंटेसारखा लांबणारा ठसा खराच आहे. ब्राझीलने आपल्याकडच्या शिसवाचे ओंडके बाहेर पाठवणं थांबवल्यावर १९६९-७० पासून अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीने भारतीय शिसव वापरायला घेतला, आणि आज जगातल्या कितीतरी चांगल्या गिटारींची पाठ आपल्या दक्षिणेतल्या डोंगरांत वाढलेल्या झाडाची असते. २०१७ मध्ये दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या साइट्स करारात शिसवाच्या जातींवर कडक नियम आले तेव्हा वाद्यं देशाबाहेर नेताना कागदपत्रांचा डोंगर झाला होता. २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. झाड जपायला हवं आणि वाद्यही चालू राहायला हवं, दोन्ही साधणारा तो निर्णय मला योग्य वाटतो. माझ्या गिटारीची पाठ आणि बाजू मात्र साध्या लाकडाच्या थरांच्या आहेत, आणि मला त्या आवडल्या.

दुपारची कोयना एक्सप्रेस. हार्ड केस वर रॅकवर ठेवायला कुणी सांगेल म्हणून खिडकीची जागा धरून केस गुडघ्यांमध्ये उभी केली. कराड सोडल्यावर राहवलं नाही. झाकण दोन बोटं उघडून आत नाक घातलं. ताजं लाकूड, लॅकर, आणि तारांच्या ब्रॉन्झचा धातूचा वास. समोरच्या आजी म्हणाल्या, "नवी आहे होय? वाजवून तरी दाखव की." सांगलीपर्यंत वाजवली.

उद्या पाडवा. बाबांनी गिटार आल्या-आल्या तानपुऱ्याशेजारी उभी केली आणि आईला सांगून ठेवलं की उद्या पूजेत दोन्ही राहतील.

३ एप्रिल, गुरुवार

मापं घेतली. शेजारच्या गॅरेजमधून फीलर गेज मागून आणला. ते लोक व्हॉल्व्हची फट मोजायला वापरतात, गळ्याची फट मोजायलाही तोच चालतो. सहावी तार पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे गळ्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) दाबून मधे, सातव्यापाशी, ०.२ मिमीची पाती सहज सरकते. म्हणजे गळ्याला हवा तेवढा बाक आहे, ट्रस रॉडला हात लावायचा नाही. गळ्यातली ही लोखंडी कांब म्हणजे गिब्सन कंपनीतल्या थॅडियस मॅकह्यू यांनी शोधलेली युक्ती, पेटंट १९२३ चं. त्याआधी गळा वाकला की वाकला. सहा तारा मिळून ७० किलोच्या आसपास ओढत असतात, रात्रंदिवस.

बाराव्या फ्रेटवर तारेची उंची: सहावी २.८, पहिली २.३ मिमी. नव्या गिटारीला हे रास्तच आहे. मला थोडी खाली लागेल, पण घाई नाही.

फ्रेटांची अंतरंही ताडून पाहिली. नियम जुना आणि सुंदर आहे: उरलेल्या लांबीला १७.८१७ ने भागायचं, तिथे पुढचा फ्रेट. ६३४ चा पहिला फ्रेट नटपासून ३५.६ वर, बारावा बरोबर ३१७ वर. पट्टी लावली, जुळलं. आपल्या वाद्याची आकडेमोड आपल्या पट्टीवर जुळताना बघण्यात केवढं सुख आहे! आईने दोनदा जेवायला हाक मारली.

६ एप्रिल, रविवार

बोटांची टोकं हुळहुळली आहेत. तर्जनीला तारेची बारीक चर उमटते आणि तासाभराने भरून येते. १२-५३ च्या, म्हणजे ०.०१२ ते ०.०५३ इंच जाडीच्या तारा आहेत, त्याच ठेवायच्या. बारीक तारांनी बोटांना आराम मिळेल, पण फळीला ढकलायला वजन लागतं.

१३ एप्रिल, रविवार

आज पहिल्यांदा बाबांबरोबर बसले. पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, हाताखाली सी कॉर्डचे आकार, म्हणजे सूर काळी एकचा. ट्यूनरवर सगळ्या तारा हिरव्या. बाबांनी तानपुरा लावला, भूपातला अभंग सुरू केला, आणि दुसऱ्या ओळीवर थांबले.

"अगं, गंधार चढा आहे तुझा."

"बाबा, ट्यूनर बघा ना, बरोबर दाखवतोय."

"तो काय दाखवतो ते मला नको सांगूस. तानपुरा ऐक."

ऐकला. डोळे मिटून, बराच वेळ. चांगला लागलेला तानपुरा असेल तर खर्जाच्या तारेतून न छेडलेला गंधार आपोआप उमटतो. तोच स्वयंभू गंधार. तो कानात धरला आणि मग गिटारीचा गंधार छेडला. चढाच होता, आणि आता मला तो ऐकू येईनासा करता येईना.

रात्री कागद घेऊन बसले. तानपुऱ्यातला गंधार म्हणजे खर्जाच्या पाचव्या पटीतली कंपनं, षड्जाशी नातं ५:४. गिटारीवर सप्तकाचे बारा समान भाग केलेले, कुठूनही षड्ज धरला तरी चालावं म्हणून. त्या वाटणीत गंधार १४ सेंट वर जातो, सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग. पंचमाला जवळजवळ काहीच धक्का लागत नाही, जेमतेम २ सेंट. लांबीत मांडलं तर डोळ्यांनाही दिसतं. शुद्ध पंचम ६३४ च्या एक तृतीयांशावर, २११.३ मिमीवर हवा, सातवा फ्रेट आहे २१०.९ वर. शुद्ध गंधार एक पंचमांशावर, १२६.८ वर हवा, चौथा फ्रेट आहे १३०.८ वर. पंचमात अर्ध्या मिलिमीटरहून कमी फरक, गंधारात तब्बल चार.

हे बोटानेही तपासता येतं. चौथ्या फ्रेटपाशी तार न दाबता नुसतं बोट टेकवून छेडायची. फ्रेटच्या पट्टीच्या बरोबर वर टेकवलं तर आवाज मिटमिटतो. तिथून नटकडे चार मिलिमीटर सरकवलं की एकदम टिणकन गंधार उठतो, स्वच्छ, तानपुऱ्यातल्यासारखाच. म्हणजे शुद्ध गंधार माझ्या गिटारीत आहे. तारेत आहे, फक्त फ्रेटवर नाही. झोपायला दीड वाजला.

१९ एप्रिल, शनिवार

गिटार घेऊन मिरजेच्या सतारमेकर गल्लीत गेले. बाबांचा तानपुरा ज्यांच्या वडिलांनी केला, ते चाचा अजून कामाला बसतात. शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात इथे सतार बांधायला सुरुवात केली, तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या ही गल्ली भोपळे, तुनीचं लाकूड आणि तारा यांत जगते. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. दारात पंढरपूरकडचे भोपळे टांगलेले होते, आत कुणीतरी कानस चालवत होतं.

चाचांनी गिटार मांडीवर आडवी घेतली, कान फळीला लावला आणि बोटाच्या पेराने ठिकठिकाणी टकटक केलं. मग मोबाइलचा उजेड भोकातून आत सोडून बघत राहिले. "अरे, आत तर अख्खं छप्पर बांधलंय," म्हणाले. फळीला आतून इंग्रजी एक्सच्या आकारात पट्ट्या असतात. मार्टिन यांनी १८४० च्या दशकात ही बांधणी रूढ केली आणि पोलादी तारांच्या गिटारींनी ती तशीच पुढे चालवली. माझ्या गिटारीत पट्ट्यांचा मधला भाग खोलगट कोरून हलका केला आहे, म्हणजे फळीला ताणही झेपतो आणि हलायलाही वाव राहतो. तानपुऱ्याची तबली, म्हणजे वरची फळी, जाड आणि बाकदार, ती आपल्या बाकावर उभी असते. चाचांना ही पातळ फळी बघून भारी कौतुक वाटलं. ती किती जाड असेल, लाकूड कुठलं, पट्ट्या कशाने चिकटवतात, सगळं विचारलं. स्प्रूस अलास्का-कॅनडाच्या किनाऱ्यावरून येतो म्हटल्यावर म्हणाले, "थंडीत वाढलेलं लाकूड. रेषा बघ किती जवळजवळ."

मग त्यांनी हातातल्या तानपुऱ्याची जवारी लावून दाखवली. हे मी लहानपणापासून बघत आलेय, पण आज हातात गिटार असताना वेगळंच दिसलं. घोडीचा माथा सपाट वाटतो, पण त्याला केसाएवढा उतार असतो. तार तिथून सुटताना त्या उताराला अलगद घासत जाते. चाचांनी तारेखालचं सूत नखाने किंचित पुढे ढकललं. तार छेडली, मुका आवाज. आणखी एक कणभर. छेडली, आणि खोली भरली. सुताच्या त्या कणभर सरकण्याने तारेतले वरचे सूर पुन्हा पुन्हा जागे होतात, म्हणून तानपुरा विझत नाही. गिटारीत नेमकं उलट. सॅडलच्या (घोडीतली तारा टेकतात ती पट्टी) धारदार कडेवरून तार स्वच्छ सुटली पाहिजे, कुठे घासली तर ती खोड. एकाच धातूच्या तारेला एकीकडे घासायला शिकवलंय, दुसरीकडे न घासता उडायला. दोन्ही वाद्यं एकाच घरात असण्याचं भाग्य मला आज कळलं.

गंधाराचं दुखणं सांगितलं. चाचा हसले. "मग गंधार गिटारीला देऊच नको ना, पोरी. तानपुऱ्यात तरी गंधाराची तार कुठंय?" आणि निघताना एक ताकीद: आधी सूर ठरव, घोडीला हात नंतर लाव. सूर बदलला की ताण बदलतो, ताण बदलला की उंची.

४ मे, रविवार

सूर ठरला. डेव्ही ग्रॅहम या इंग्रज गिटारवादकाने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तारा सुरात लावण्याची एक पद्धत रूढ केली: डी ए डी जी ए डी. मोरोक्कोतल्या वादकांबरोबर वाजवता वाजवता ती त्याला सापडली असं सांगतात. आपल्या भाषेत वाचली तर सा प सा म प सा. गंधार नाहीच! मधल्या तारेचा मध्यम सोडला तर हा तानपुराच आहे.

बाबांच्या पट्टीसाठी सगळ्या तारा आणखी अर्धा सूर खाली आणल्या. सहावी तार आता ६९.३ हर्ट्झ, चौथी १३८.६, पहिली २७७.२, तिन्ही षड्ज. पंचमाच्या दोन्ही तारा ट्यूनरने न लावता कानाने लावल्या. सहाव्या तारेच्या सातव्या फ्रेटपाशी बोट टेकवून उठणारा पंचम आणि पाचव्या तारेच्या बाराव्या फ्रेटपाशी उठणारा तिचा दुप्पट सूर हे दोन्ही एकच सूर हवेत, म्हणून ते एकदम वाजवायचे आणि त्यांच्यातल्या फरकाने येणारा हेलकावा विझेपर्यंत खुंटी फिरवायची. ट्यूनरच्या पंचमात चारेक सेकंदांनी एक मंद हेलकावा येतो. कानाने लावल्यावर तोही गेला.

सहावी तार नेहमीपेक्षा तीन अर्धे सूर खाली गेली, म्हणजे तिचा ताण सुमारे तीस टक्के उतरला. एकूण ताण पाचव्या भागाने कमी. तार सैल झाली की तिचा झोल वाढतो, म्हणून उंची फार खाली आणता येणार नाही. चाचांची ताकीद किती नेमकी होती!

आवाजाबद्दल काय लिहू. सहाही तारा मोकळ्या छेडल्या आणि स्वयंपाकघरातून आई बाहेर आली, "तानपुरा कुणी लावला?" म्हणत.

११ मे, रविवार

सॅडलचं काम. नव्या ताणात उंची पुन्हा मोजली: २.७ आणि २.२. हवी २.५ आणि १.९. सॅडल तारेच्या शेवटच्या टोकाशी आणि बारावा फ्रेट बरोबर मध्यावर, त्यामुळे मध्यावर जेवढं उतरवायचं त्याच्या दुप्पट सॅडलमधून काढायचं. खर्जाच्या बाजूला ०.४, बारीक तारेच्या बाजूला ०.६.

तारा सैल केल्या, पिना काढल्या, सॅडल चिमट्याने उचलला. पेन्सिलने बुडाशी तिरकी रेघ. जुन्या कपाटाच्या दाराची काच टेबलावर पसरली, तिच्यावर १२० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवला आणि सॅडल उभा धरून एकाच दिशेने ओढत राहिले. मागे-पुढे घासलं की बूड गोल होतं, आणि गोल बूड खाचेत नीट बसत नाही, मग फळीकडे आवाज अर्धवट जातो. दर थोड्या वेळाने व्हर्नियरने मोजायचं. रेघेच्या अलीकडे थांबून शेवट ३२० नंबरवर. माथ्याला हात लावला नाही, तिथला कोन कारखान्यात प्रत्येक तारेसाठी वेगळा केलेला असतो.

नवा तारांचा जोड चढवला, फॉस्फर ब्रॉन्झचा. प्रत्येक तार चढवून मधोमध धरून हलकेच ताणायची, पुन्हा सुरात आणायची, म्हणजे आठवडाभर उतरत राहत नाही. बाराव्या फ्रेटवर २.५ आणि १.९. जोरात छेडली तरी कुठे खरखर नाही. डावा हात आता गळ्यावरून असा धावतो की थांबावंसंच वाटत नाही!

२७ मे, मंगळवार

पाऊस मे महिन्यातच आला. मुंबईत काल मान्सून पोचल्याचं जाहीर झालं, इतक्या लवकर तो कधीच आला नव्हता म्हणे. इथेही आठवडाभर भिंती ओल्या.

एप्रिलच्या दुपारी खोलीतला आर्द्रतामापक ३४ टक्के दाखवत होता, आज ८१. गिटारीला ४५ ते ५५ मानवतं. लाकूड रेषांच्या दिशेने फारसं वाढत नाही, पण आडवं फुगतं, आणि वरची फळी म्हणजे आडव्या रुंदीचा मोठा पातळ पत्राच. ती फुगली की घोडीमागे पोट वर येतं, तारा उचलल्या जातात, आवाज जड होतो. उलट कडक उन्हाळ्यात फळी आकसते, तडाही जाऊ शकतो. म्हणून भिंतीवर खिळ्याला टांगलेली गिटार मला बघवत नाही.

सोय अशी केली: वाजवून झाली की तारा आणि गळ्याची मागची बाजू सुती फडक्याने पुसायची, गिटार हार्ड केसमध्ये, आत ओलावा घेणारी-सोडणारी दुहेरी पाकिटं आणि छोटा मापक. आतलं वाचन ५४ वर स्थिर आहे. सरळ पट्टी घोडीमागे आडवी टेकवून फळीचा फुगवटा बघून ठेवला, दर महिन्याला ताडून बघेन.

६ जुलै, रविवार, आषाढी एकादशी

देवळात शेजारपाजारची मंडळी जमली होती. बाबांचं गाणं, तानपुऱ्यावर आमच्या शेजारच्या काकू, आणि मी.

साथ फार कमी केली. ओळ सुरू होताना खर्ज, समेला षड्ज-पंचम, अंतऱ्यात दुसऱ्या तारेवर बाबांच्या मागोमाग रिषभ-पंचम-धैवत. गंधार सगळा त्यांच्या गळ्याला सोडला. ते गंधारावर ठेहराव घेतात तेव्हा मी तारांवरून हात काढून घेत होते, आणि मोकळ्या तारांच्या आसात तो सूर काय सुंदर उभा राहिला! त्याला चिकटायला तिथे दुसरा गंधारच नव्हता.

एक गृहस्थ नंतर म्हणाले, भजनाला गिटार कशाला, ती परकी. मी त्यांना पेटीची आठवण करून दिली. तीही बाहेरून आली आणि तीच बारा समान सुरांची वाटणी घेऊन आली. आज तिच्याशिवाय भजन सुरू होत नाही. तिच्या श्रुतींवर आपल्याकडे केवढं काम झालंय, डॉ. विद्याधर ओक यांनी २२ श्रुतींची पेटी करून दाखवली. ब्रिजभूषण काबरा यांनी गिटार मांडीवर आडवी ठेवून तारेवरून दांडी सरकवली, फ्रेटांचं बंधनच काढून टाकलं आणि तीवर अख्खा राग मांडला. वाद्य आपलं होतं ते असं, कुणीतरी त्याच्याशी बसून सूर जुळवतं तेव्हा. गृहस्थांनी ऐकून घेतलं. पुढच्या एकादशीला येतो म्हणाले.

२० जुलै, रविवार

देवळातून आल्यापासून एकच विचार. गंधार तारेत आहे हे एप्रिलमध्येच कळलं होतं. मग एक तार त्यालाच का देऊ नये?

तिसरी तार मध्यमावरून खाली आणली: सा प सा ग प सा. ही मोकळी तार, तिला फ्रेटचा जाच नाही, ती हवी तिथे लावता येते. लावायची कशी, तर सहाव्या तारेलाच विचारायचं. सहाव्या तारेवर नटपासून १२६.८ मिमीवर, चौथ्या फ्रेटच्या त्याच चार मिलिमीटर अलीकडे, बोट टेकवून छेडली की षड्जाची पाचपट कंपनं मिळतात, ३४६.५ हर्ट्झ. तिसऱ्या तारेवर बाराव्या फ्रेटपाशी बोट टेकवलं की तिची दुप्पट. दोन्ही एकच सूर हवेत.

आधी मुद्दाम ट्यूनरवर बरोबर लावून ऐकलं. तिथे तो सूर ३४९.२ असतो. दोन्ही तारा एकदम वाजल्या की सेकंदाला पावणेतीनच्या आसपास हेलकावे येतात, व्वा-व्वा-व्वा असे. खुंटी कणभर उतरवली, हेलकावे सावकाश झाले. आणखी कणभर, एकेक लांब श्वासासारखे. आणखी, आणि थांबले. ट्यूनरचा काटा चौदा सेंट खाली पडून लाल झाला होता. मी ट्यूनर बंद केला.

सहाही तारा सावकाश छेडल्या. कॉर्ड अगदी निवांत उभा होता, कुठेही थरथर नाही, तार विझेपर्यंत तसाच. बाबा वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी ते घडी करून बाजूला ठेवलं आणि तिथल्या तिथे भूपाची आलापी सुरू केली. तानपुरा गवसणीतच होता. पाऊण तास गायले, गिटारीवर.

१७ ऑगस्ट, रविवार

देखभाल आधी. घोडीमागचा फुगवटा मे महिन्याइतकाच, बाराव्या फ्रेटवर उंची २.५ आणि २.० भरते. केसमधलं वाचन ५६. पाकिटं बदलली. तारांची नवेपणाची झळाळी उतरली आहे आणि मला साथीला या उतरलेल्या ताराच जास्त आवडतात, बाबांच्या आवाजावर त्या चमकत नाहीत. गणपतीपर्यंत याच चालवेन. सहावीला पुढच्या वेळी ०.०५६ इंचाची जाड तार घालून बघायची आहे, या खालच्या सुराला ती जास्त भरीव लागेल.

आता बाबांना काफीतली गवळण हवी आहे. म्हणजे कोमल गंधार. आज त्याचा हिशेब केला आणि एकटीच टाळ्या पिटल्या. शुद्ध कोमल गंधाराचं षड्जाशी नातं ६:५. गिटारीच्या तिसऱ्या फ्रेटवर मिळणारा कोमल गंधार त्याहून १६ सेंट उतरा असतो. शुद्ध गंधाराच्या बरोबर उलट! शुद्ध गंधार फ्रेटवर चढा होता, आणि दाबलेली तार खाली आणायचा काही उपाय नसतो, म्हणून त्याला मोकळी तार द्यावी लागली. इथे सूर वर न्यायचाय, आणि तार वर नेणं तर बोटाच्या हातात आहे. तिसऱ्या फ्रेटवर दाबून तार जरा वरच्या अंगाला ढकलायची, बाबांच्या गळ्यावर कान ठेवून.

ती ढकल खरोखर नखभर आहे. अनामिकेने केली तर जास्त होते, मधल्या बोटाने नेमकी बसते. तिसरी तार परत मध्यमावर आणली, काफीला तो लागेलच. बाबा आज संध्याकाळी लवकर बसू म्हणाले आहेत.